कृत्रिम स्वीटनर आणि चयापचय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेह, वाढतं वजन, फॅटी लिव्हर अशा तक्रारी असलेल्या माणसांना आहाराचा सल्ला देणं हे माझं रोजचं काम. साखर कमी करा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग शुगर फ्री चालेल का?" यावर नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हटलं की माणूस घरी जाऊन चुकीचं काहीतरी करतो, हे मी फार वेळा पाहिलंय. म्हणून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. औषधं चालू असतील तर त्यांचा डोस मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच बदला.

कृत्रिम स्वीटनर म्हणजे नेमकं काय? सगळे सारखेच असतात का?

जिभेवर गोड चव ओळखणारे जे ग्राही असतात, त्यांना साखरेपेक्षा कितीतरी घट्ट चिकटणारी ही द्रव्यं आहेत. म्हणून ती चिमूटभरही लागत नाहीत. अस्पार्टेम आणि एसेसल्फेम-के साखरेच्या साधारण २०० पट गोड, सॅकरिन ३०० ते ४०० पट, सुक्रॅलोज ६०० पट, आणि ॲडव्हान्टेम तर जवळजवळ २०,००० पट.

गोडी सारखी असली तरी शरीरात गेल्यावर प्रत्येकाची वाट वेगळी असते, आणि ही गोष्ट लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. अस्पार्टेम लहान आतड्यातच फुटतं. त्यातून दोन अमिनो आम्लं आणि थोडंसं मिथेनॉल निघतं, मूळ रेणू पुढे मोठ्या आतड्यापर्यंत पोचतच नाही. सॅकरिन आणि एसेसल्फेम-के रक्तात शोषले जातात आणि जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडतात. सुक्रॅलोजचा बहुतेक भाग शोषलाच जात नाही, तो सगळं आतडं पार करून शौचावाटे जातो. स्टेव्हियातल्या गोड द्रव्यांना मोठ्या आतड्यातले जीवाणू फोडतात. त्यामुळे "स्वीटनर वाईट" किंवा "स्वीटनर चांगले" असं कुणी सरसकट सांगितलं, तर आधी विचारा: कोणता?

एरिथ्रिटॉल, झायलिटॉल, सॉर्बिटॉल, माल्टिटॉल हे पॉलिओल (शुगर अल्कोहोल) वेगळ्या घरातले. ते ग्रॅमच्या हिशोबाने वापरले जातात आणि बहुतेकांत थोड्याफार कॅलरी असतात.

हे शोधले कुणी?

बहुतेक स्वीटनर चुकून सापडले. १८७९ मध्ये कॉन्स्टंटिन फालबर्ग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत डांबराच्या रसायनांवर काम करत होते. जेवताना हात गोड लागला आणि सॅकरिन सापडलं. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर अल्सरवरच्या औषधाच्या मागे होते, बोट चाटलं आणि अस्पार्टेम मिळालं. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस साखरेच्या क्लोरीनयुक्त संयुगांवर संशोधन करत होते. वरिष्ठांनी एक संयुग 'टेस्ट' करायला सांगितलं, त्यांनी 'टेस्ट' म्हणजे चव असं ऐकलं आणि सरळ चाखून पाहिलं. ते सुक्रॅलोज.

हे सांगायचं कारण एवढंच, की ही द्रव्यं चयापचय सुधारावं म्हणून कुणी आखून बनवलेली नाहीत. ती गोड निघाली आणि वापरात आली. शरीरावर दीर्घकाळात काय होतं, हा अभ्यास मागाहून सुरू झाला आणि अजून चालू आहे.

गोळी किंवा पुडी घेतली तर रक्तातली साखर वाढते का?

स्वीटनरमुळे थेट वाढत नाही. पण पुडीत काय काय आहे ते बघायला हवं.

एक पुडी फाडून पांढऱ्या कागदावर पालथी करा. जो छोटासा ढीग दिसतो, तो सगळा स्वीटनर नसतो. १ ग्रॅमच्या सुक्रॅलोजच्या पुडीत सुक्रॅलोज साधारण १२ मिलिग्रॅम असतं, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकं. उरलेली जवळजवळ सगळी भर डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनची असते. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच, आणि माल्टोडेक्स्ट्रिन पोटात गेल्यावर झटपट ग्लुकोज होतं. एका पुडीने काही बिघडत नाही. दिवसाला आठ-दहा पुड्या रिकाम्या करणाऱ्याने मात्र ते आठ-दहा ग्रॅम कर्बोदक हिशोबात धरायला हवं. छोट्या गोळ्यांत आणि थेंबांत ही भर फार कमी असते किंवा नसतेच.

खरी फसगत होते ती 'शुगर फ्री' बिस्किटं, चॉकलेटं आणि केक यांच्यात. साखर नाही, पण मैदा आहे, तूप-तेल आहे, बऱ्याचदा माल्टिटॉलही आहे, आणि माल्टिटॉलने रक्तातली साखर थोडी वाढतेच. पाकिटाच्या पुढच्या बाजूची मोठी अक्षरं सोडा. पाकीट उलटं करून 'एकूण कर्बोदकं' ही ओळ वाचा.

नुसत्या गोड चवीनेच इन्सुलिन सुटतं म्हणतात. खरं का?

थोडंसं खरं आहे. चव लागताच स्वादुपिंडाला हलकी सूचना जाते, पण माणसांवरच्या प्रयोगांत हा परिणाम छोटा निघतो आणि दर वेळी दिसतोच असं नाही. आतड्यातही गोड चवीचे ग्राही असतात, म्हणून स्वीटनरमुळे तिथली संप्रेरकं भरपूर सुटतील असा अंदाज होता. माणसांच्या बहुतेक चाचण्यांत तसं घडलं नाही.

एक निरीक्षण मात्र मला महत्त्वाचं वाटतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थूल असलेल्या, पण एरवी स्वीटनर न घेणाऱ्या १७ जणांना ग्लुकोजचं पाणी पिण्याआधी सुक्रॅलोज दिलं. नुसतं पाणी दिलं होतं त्या वेळेपेक्षा इन्सुलिन सुमारे २० टक्के जास्त सुटलं. माणसं थोडी आहेत, म्हणून यावर इमारत उभी करू नये. पण हाच धागा पुढच्या एका मोठ्या प्रश्नात पुन्हा हाती लागतो: स्वीटनर एकटा घेतला की कर्बोदकांसोबत?

येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये नेमकं हेच तपासलं. ४५ निरोगी तरुणांना दोन आठवड्यांत सात वेळा पेयं दिली. नुसतं सुक्रॅलोज घेणाऱ्यांत फरक पडला नाही, साखर घेणाऱ्यांत पडला नाही. सुक्रॅलोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन एकत्र घेणाऱ्यांची इन्सुलिन संवेदनशीलता, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती चांगली दाद देतं ती क्षमता, मात्र घटली. म्हणून गोड डाएट पेय पिष्टमय जेवणासोबत रोज पिण्याची सवय मला योग्य वाटत नाही. प्यायचंच असेल तर जेवणापासून लांब.

वजन कमी होतं का?

या प्रश्नावर लोक हिरिरीने भांडतात, आणि दोन्ही बाजूंकडे खरे आकडे असतात.

प्रयोगांपासून सुरू करू. नेदरलँड्समध्ये ६४१ शाळकरी मुलांना १८ महिने रोज २५० मिलिलीटर पेय दिलं. निम्म्यांच्या पेयात साखर, निम्म्यांच्या स्वीटनर. कुणाला काय मिळतंय हे मुलांना ठाऊक नव्हतं. मुलं वाढती, त्यामुळे वजन दोन्हीकडे वाढलं, पण साखरवाल्यांचं ७.३७ किलो आणि स्वीटनरवाल्यांचं ६.३५ किलो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास अतिशय नेटका आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नंतर असे अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा स्वीटनर घेणाऱ्यांचं वजन सरासरी सुमारे ०.७ किलोने कमी भरलं.

आता दुसरी बाजू. वर्षानुवर्षं लोकांच्या सवयी नोंदवत जाणारे अभ्यास नेमकं उलट दाखवतात: स्वीटनर जास्त घेणाऱ्यांत स्थूलता, टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार जास्त. फ्रान्समधल्या न्यूट्रिनेट-सांते या अभ्यासात एक लाखाहून अधिक माणसं आहेत आणि त्यातही हाच कल दिसला.

दोन्ही खरं कसं असेल? जरा स्वतःकडे बघा. तुम्ही डाएट पेय कधी घ्यायला लागलात? वजन वाढल्यावर, की डॉक्टरांनी "साखर काठावर आहे" असं सांगितल्यावर? म्हणजे आधी त्रास, मग स्वीटनर. निरीक्षणाच्या अभ्यासात हे दोघे एकत्र दिसतात, पण आधी कोण आलं ते पूर्णपणे वेगळं काढता येत नाही. संशोधक गणिताने दुरुस्ती करतात, तरी शंका उरतेच. उलट प्रयोग बहुधा काही महिन्यांचे असतात. वीस वर्षांनी काय होईल ते त्यांतून कळत नाही.

माझं मत असं बनलंय की स्वीटनर कशाच्या जागी आला, यावर सगळं ठरतं. ३३० मिलिलीटरच्या कोलात साधारण ३५ ग्रॅम साखर असते. रोज असे दोन कॅन पिणारा माणूस डाएट पेयाकडे वळला, तर त्याचा फायदाच आहे. जो आजवर साधं पाणी पीत होता आणि आता "यात कॅलरी नाहीत" म्हणून डाएट पेय पितो, त्याला काहीच मिळालं नाही. आणि सकाळी चहात गोळी टाकून दुपारी "आज साखर वाचवली" म्हणत केकचा तुकडा उचलणारा तर तोट्यात गेला. हा तिसरा प्रकार मला रोज भेटतो.

जागतिक आरोग्य संघटनेने तर घेऊ नका असं सांगितलंय ना?

मे २०२३ मधल्या मार्गदर्शक सूचनेत संघटनेने म्हटलं की वजन आटोक्यात ठेवण्याचा किंवा मधुमेह, हृदयविकार यांसारखे आजार टाळण्याचा उपाय म्हणून स्वीटनर वापरू नयेत. बातम्यांत यातले दोन तपशील गळाले. ही शिफारस 'सशर्त' आहे, म्हणजे पुरावा पक्का नाही हे संघटनेनेच मान्य केलंय. आणि ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही. पॉलिओलही तिच्यात धरलेले नाहीत, स्टेव्हिया मात्र आहे.

मधुमेह असलेल्या माणसाने साखरेच्या जागी मोजकी गोळी वापरली तर मी अडवत नाही. फक्त ती गोळी म्हणजे उपचार आहे असं समजू नका. तिने एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, खाली येत नाही. साखर बंद झाल्याने येतो.

आतड्यातल्या जीवाणूंवर परिणाम होतो का?

होतो, पण सगळ्यांवर सारखा नाही, आणि मला तरी या विषयातला हा सगळ्यात विलक्षण भाग वाटतो.

२०१४ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी उंदरांना सॅकरिन दिलं. उंदरांची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता बिघडली. मग त्या उंदरांचे आतड्यातले जीवाणू त्यांनी जीवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांत सोडले. या दुसऱ्या उंदरांनी सॅकरिन कधी चाखलंही नव्हतं, तरी त्यांची ग्लुकोज हाताळणी बिघडली. म्हणजे बिघाड जीवाणूंमार्फत आला होता. त्याच वेळी सात माणसांनाही आठवडाभर सॅकरिन देऊन पाहिलं, चौघांत बदल दिसला, तिघांत नाही.

२०२२ मध्ये त्याच गटाने १२० प्रौढांवर प्रयोग केला. सॅकरिन, सुक्रॅलोज, अस्पार्टेम आणि स्टेव्हिया, दोन आठवडे, सुरक्षित मर्यादेच्या आतल्या मात्रेत. पुड्यांत ग्लुकोजची भर असते म्हणून एका गटाला नुसतं तेवढंच ग्लुकोज दिलं आणि एका गटाला काहीच नाही. चारही स्वीटनरांनी जीवाणूंमध्ये फरक घडवला, पण ग्लुकोजला मिळणारा प्रतिसाद बिघडला तो सॅकरिन आणि सुक्रॅलोज घेणाऱ्यांचा. तोही काहींचा जास्त, काहींचा नगण्य.

आणि मधल्या काळात, २०२१ मध्ये, अमेरिकेतल्या एका गटाने निरोगी माणसांना दोन आठवडे भरपूर सॅकरिन दिलं, तर जीवाणू बदलले नाहीत आणि साखरही नाही. या विरोधाचा अर्थ मी असा लावते: प्रत्येकाच्या आतड्यात जीवाणूंची वस्ती वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याला सोसलं म्हणून तुम्हाला सोसेलच असं नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर सोपं आहे. दोन आठवडे स्वीटनर घेऊन आणि दोन आठवडे न घेता, एकाच वेळी, एकसारख्या जेवणानंतर मोजा आणि लिहून ठेवा.

भूक वाढते का?

काहींची वाढते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७५ जणांवरच्या एका अभ्यासात साखरेचं पाणी, सुक्रॅलोजचं पाणी आणि साधं पाणी देऊन मेंदूचे स्कॅन घेतले. साखरेच्या तुलनेत सुक्रॅलोजनंतर भुकेचं नियंत्रण करणाऱ्या हायपोथॅलॅमसमधला रक्तप्रवाह वाढला आणि भूकही जास्त लागली. जिभेने गोड आल्याची वर्दी दिली, पण मागून ऊर्जा आलीच नाही. संध्याकाळी डाएट पेय घेतल्यावर तासाभरात काहीतरी चघळावंसं वाटतं असं सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवते.

अस्पार्टेमने कॅन्सर होतो का?

जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेमला '२-बी' गटात, म्हणजे 'कदाचित कारणीभूत' या यादीत टाकलं. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे. पुरावा किती भक्कम आहे एवढंच ही यादी सांगते. किती घेतल्यावर किती धोका, हे ती सांगत नाही. मात्रेचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ समितीने त्याच दिवशी जुनी मर्यादा कायम ठेवली: रोज, शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ती २,४०० मिलिग्रॅम पडते. डाएट पेयाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरलं तर दिवसाला आठ ते बारा कॅन. फ्रान्सच्या अभ्यासात जास्त स्वीटनर घेणाऱ्यांत कर्करोगाचा धोका किंचित, सुमारे १३ टक्क्यांनी जास्त दिसला, पण वर सांगितलेली 'आधी कोण' ही अडचण तिथेही आहे.

सॅकरिनवरही १९७७ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मूत्राशयातल्या गाठींमुळे बालंट आलं होतं. ती यंत्रणा माणसात लागू होत नाही हे कळल्यावर अमेरिकेत पाकिटावरचा इशारा २००० मध्ये काढला गेला.

एरिथ्रिटॉलबद्दल हृदयविकाराची बातमी वाचली. काय करावं?

मी सध्या हृदयविकार, पक्षाघात किंवा रक्तात गुठळी होण्याचा इतिहास असलेल्यांना ते टाळायला सांगते. २०२३ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात जास्त आढळले. आपलं शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे नुसत्या या आकड्यावरून आहाराला दोष देता येत नाही. पण त्यांनीच आठ निरोगी माणसांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल पाजलं, तेव्हा रक्तातली पातळी हजारपटीहून अधिक वाढली आणि दोन दिवसांहून जास्त चढलेली राहिली. या पातळीला रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना लवकर चिकटतात, असं प्रयोगशाळेत दिसलं. २०२४ मध्ये झायलिटॉलबद्दलही असेच निष्कर्ष आले. 'कीटो' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोड पदार्थांच्या एका वाटीत ३० ग्रॅम सहज जातं.

स्टेव्हिया नैसर्गिक आहे, मग बिनधास्त चालेल ना?

पानं नैसर्गिक, पण पुडीतली पांढरी पूड अनेक प्रक्रियांतून शुद्ध केलेली असते आणि तिच्यातही बऱ्याचदा एरिथ्रिटॉल किंवा डेक्स्ट्रोजची भर असते. घटकांची यादी वाचा.

स्वयंपाकात वापरता येतात का?

अस्पार्टेम उष्णतेने फुटतं आणि गोडी जाते, म्हणून ते शिजवायच्या पदार्थात घालून उपयोग नाही. सुक्रॅलोज टिकतं असं मानलं जायचं, पण १२० अंश सेल्सिअसच्या वर तापवल्यास नको असलेली क्लोरीनयुक्त संयुगं बनू शकतात असा इशारा जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने २०१९ मध्ये दिला. भाजायच्या-तळायच्या पदार्थांत नको. आच बंद केल्यावर घाला.

पोट फुगतं, जुलाब होतात. स्वीटनरमुळे का?

पॉलिओल असतील तर बहुतेक होय. सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉल पूर्ण शोषले जात नाहीत, आतड्यात पाणी ओढतात आणि जीवाणू त्यांचा गॅस करतात. शुगर फ्री गोळ्या-च्युइंगम दिवसभर चघळणाऱ्यांनी आधी तेच थांबवून पाहावं.

मुलं आणि गरोदर बायका?

लहान मुलांना देऊ नका. युरोपीय संघात तान्ह्या आणि लहान मुलांसाठी खास बनवलेल्या पदार्थांत, मोजके वैद्यकीय अपवाद सोडता, स्वीटनर चालत नाहीत. गरोदरपणात सॅकरिन वार ओलांडून बाळापर्यंत जातं, म्हणून ते टाळावं. फेनिलकिटोन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात आजार असलेल्यांना अस्पार्टेम पूर्ण वर्ज्य, कारण त्यातून निघणारं फेनिलॲलनिन त्यांच्या शरीराला हाताळता येत नाही.

शुगर एकदम कमी झाली तर डाएट पेय चालेल?

नाही! हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. इन्सुलिन घेणारे एक काका एकदा माझ्यासमोर बसले असताना घामाने थबथबले, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळू लागलं. काकूंनी घाईघाईने पिशवीतली बाटली त्यांच्या ओठांना लावली. मी लेबल पाहिलं, तर डाएट. गोड लागत होतं, पण त्यात ग्लुकोजचा कणही नव्हता. लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली. अशा वेळी साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, कमीच असेल तर पुन्हा द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा.

गोडाची सवयच कमी करायची आहे. कशी?

चमचा सपाट करून मोजायला लागा. बहुतेकांचा 'एक चमचा' शीग लावलेला असतो, म्हणजे जवळजवळ दीड. दर दोन आठवड्यांनी पाव चमचा कमी करा. गोळी घेत असाल तर दोनाची दीड, मग एक, मग अर्धी. एकदम तोडणारे बहुतेक महिन्याभरात परत येतात. हळूहळू उतरणाऱ्या एका ताई तीन-चार महिन्यांनी सांगत होत्या, बहिणीकडचा नेहमीचा चहा त्यांना पाकासारखा लागला आणि कप अर्धाच राहिला.

घरात कुत्रा आहे. काही काळजी घ्यायची का?

झायलिटॉल असलेली च्युइंगम, गोळ्या, पूड त्याच्या तोंडाच्या टप्प्यात ठेवू नका. माणसात झायलिटॉलने इन्सुलिन फारसं हलत नाही, पण कुत्र्यात ते एकदम भरपूर सुटतं, साखर अर्ध्या-एक तासात धोकादायक खाली जाते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी पाकीट सोबत घेऊन थेट पशुवैद्याकडे जा. लक्षणं दिसेपर्यंत थांबू नका.